पेट्रोलवरची गवत कापायची मशीन: घ्यावी की भाड्याने बोलवावी?

गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. नागपंचमी येईपर्यंत घरामागच्या बाडीत, राइस मिलच्या आवारात, शाळेच्या कुंपणाकडेला आणि बांधीच्या धुऱ्यावर गवत गुडघ्याला लागलेलं असतं. नेमकी तीच रोवणीची वेळ. गावातले सगळे हात चिखलात असतात, विळा घेऊन आवार साफ करून देणारा माणूस शोधूनही सापडत नाही. अशा वेळी मोबाइलवर सात-आठ हजारांची ब्रश कटर दिसते आणि मन तिकडे ओढ घेतं.

घेण्याआधी एक हिशोब करून पाहा. या मशीनचा खर्च तिच्या किमतीवर ठरत नाही, ती तुमच्याकडे वर्षातून किती तास चालणार यावर ठरतो. आपल्याकडे गवताचा हंगाम जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, फार तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा. म्हणजे मशीन चार महिने चालणार आणि आठ महिने पडून राहणार. पेट्रोलचं लहान इंजिन चालून बिघडतं त्याहून जास्त पडून बिघडतं, हे दुरुस्ती करणारा कुठलाही मिस्त्री सांगेल.

दुकानात मोजायचे पैसे

बाजारात ढोबळ मानाने दोन जाती आहेत. पहिली टू-स्ट्रोक, ४३ किंवा ५२ सीसीची, बहुतेक आयात केलेली आणि इथे वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी. ही ७ ते १२ हजारांत मिळते. दुसरी फोर-स्ट्रोक, साधारण ३५ सीसीची, होंडासारख्या कंपनीच्या इंजिनाची. हिला २० ते ३२ हजार पडतात. स्टील आणि हस्कवार्ना या कंपन्यांच्या चांगल्या टू-स्ट्रोक मशीनही याच वरच्या किमतीत येतात. हे भाव दुकानागणिक बदलतात, पण दोन जातींतलं अंतर साधारण एवढंच राहतं.

सीसीचा आकडा मोठा म्हणून मशीन चांगली, असं समजू नका. आवारातल्या गवताला ३५ सीसी पुरून उरतं. वजन मात्र प्रत्येक फेरीला खांद्यावर जाणवतं. या मशीन ७ ते ९ किलोंच्या असतात आणि अर्ध्या तासानंतर एकेक किलो मोजावासा वाटतो. म्हणून पट्टा एका खांद्यावरचा न घेता दोन्ही खांद्यांवर बसणारा घ्या. सोबत नांगरटीचं, फांद्या छाटायचं आणि पाणी उपसायचं जोडकाम देणाऱ्या ‘चार कामांची एक मशीन’ छाप जाहिराती असतात. गवत कापायला घेत असाल तर गवत कापण्याचेच पैसे द्या.

मशीनच्या किमतीत एक रक्कम कुणी धरत नाही, ती म्हणजे अंगावर घालायच्या सामानाची. जाळीचा मुखवटा किंवा चांगला चष्मा, कानावरचे मफ, लांब गमबूट, हातमोजे आणि नडगीवर बांधायचे गार्ड मिळून दीड ते अडीच हजार लागतात. हे पैसे ऐच्छिक नाहीत. गवत कापणारी नायलॉनची दोरी मिनिटाला हजारो फेरे घेते, तिच्या वाटेत आलेला खडा गोळीसारखा सुटतो. मशीन चालवणाऱ्यापासून इतरांनी किमान १५ मीटर लांब राहावं, असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका सांगतात. अंगणात खेळणारी मुलं, पलीकडे उभी असलेली मोटारसायकल आणि खिडकीची काच या १५ मीटरांत येते का, हे सुरू करण्याआधी बघा. दोरीऐवजी तार लावणारे लोक मी पाहिले आहेत. तार तुटली की तिचा तुकडा माणसाच्या मांसात शिरतो. हे कुणालाही करू देऊ नका, आपल्या गड्याला तर मुळीच नाही.

तासाचा हिशोब

आता चालवण्याचा खर्च. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. टू-स्ट्रोक मशीन जोरात चालवली की तासाला ०.९ लिटरच्या आसपास पिते, म्हणजे ९५ रुपये. तिच्या पेट्रोलात टूटी ऑइल मिसळावं लागतं. चांगल्या तेलाला पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. साध्या तेलाला पंचवीसास एक, म्हणजे ४० मिलिलिटर. मधला आकडा धरला तर तासाला आणखी १३ रुपये. फोर-स्ट्रोकचं पेट्रोल तासाला ०.६ लिटर, म्हणजे ६३ रुपये, आणि तेल वेगळं असतं. ३५ सीसीच्या होंडा इंजिनात जेमतेम १०० मिलिलिटर इंजिन ऑइल मावतं. ते पहिल्या १० तासांनी आणि पुढे दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं. तासाला वाटून पाहिलं तर रुपया-दीड रुपया.

नायलॉन दोरी दोघींना सारखीच लागते. ३ मिलिमीटर जाडीच्या एक किलो रिळात साधारण १२० मीटर दोरी भरते आणि रीळ ५०० ते ८०० रुपयांना पडतं. मऊ गवतात तासाला दोन मीटरही पुरते. कुंपणाच्या खांबाशी, विटांच्या कडेला किंवा मुरमाड जागेत ती भराभर झिजते. सरासरी तासाला २० रुपये धरा.

म्हणजे टू-स्ट्रोक चालवायला तासाला सुमारे १३० रुपये आणि फोर-स्ट्रोकला सुमारे ८५. स्वस्त मशीन चालवायला महाग आहे. किंमत कमी म्हणून जी घेतली, ती दर तासाला ४५ रुपये परत मागते.

यात वर्षाचा बांधलेला खर्च मिळवू. टू-स्ट्रोक साडेआठ हजारांची आणि चार हंगाम टिकणारी धरली तर वर्षाला २१२५. फोर-स्ट्रोक २५ हजारांची आणि आठ हंगामांची धरली तर ३१२५. अंगावरच्या सामानाचे वर्षाला ५००. प्लग, एअर फिल्टर, गिअरचं ग्रीस, सुरू करायची दोरी आणि एखादी गोंदियाची फेरी मिळून १००० रुपये. बेरीज टू-स्ट्रोकला ३६२५, फोर-स्ट्रोकला ४६२५. ही रक्कम मशीन एक तास चालली तरी लागते आणि पन्नास तास चालली तरी लागते.

पाच गुंठ्यांचं घराचं आवार घ्या. गुडघाभर ओल्या गवतात तासाला चार-पाच गुंठे होतात. जुलैअखेर, पोळ्याच्या सुमारास आणि दिवाळीआधी अशा तीन कापण्या धरल्या तर वर्षाला चार तास, सावकाश केलं तर पाच. या पाच तासांसाठी टू-स्ट्रोकवाला ४२७५ रुपये घालवतो, म्हणजे तासाला ८५५. फोर-स्ट्रोकवाल्याला तासाला १०१० पडतात. तेच काम मशीन घेऊन येणारा माणूस एका खेपेला ५०० रुपये घेऊन करत असेल, तर तीन खेपांचे १५०० होतात. घरच्या आवारासाठी मशीन विकत घेणं परवडत नाही, हे इतकं सरळ आहे.

एकरभराचं आवार, फार्महाऊस किंवा दोन-तीन एकर बांध्यांचे धुरे असतील तर चित्र बदलतं. भाड्याच्या माणसाला पेट्रोलसकट दिवसाला १५०० पडतात आणि मधलं पेट्रोल भरणं, दोरी गुंडाळणं, विसावा वगळता मशीन खरी चालते पाच तास, असं धरा. म्हणजे तासाला ३००. या दराशी तुलना केली तर वर्षाला सुमारे २२ तासांच्या पुढे स्वतःची मशीन परवडू लागते, मग ती कुठलीही असो. आणि त्याच २२ तासांच्या पुढे फोर-स्ट्रोक टू-स्ट्रोकपेक्षा स्वस्त पडते. याचा अर्थ असा, की ज्याला मशीन घेणं परवडतं त्याने चांगलीच घ्यावी. स्वस्त टू-स्ट्रोक हिशोबात कुठेही ठळकपणे जिंकत नाही. कमी तासांना भाड्याचा माणूस तिला हरवतो, जास्त तासांना फोर-स्ट्रोक.

एक गोष्ट मात्र वरच्या हिशोबात धरलेली नाही, मशीन चालवणाऱ्याची मजुरी. स्वतः चालवणार असाल तर ठीक. गडी लावून दिवसाला ४०० देणार असाल तर तासाला ८० रुपये वाढतात आणि २२ तासांची रेषा ३४ तासांवर जाते. अंदाजासाठी सांगतो, २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. रोवणी-कापणीच्या दिवसांत गावातला दर याहून चढा असतो. तुमच्या गावचा दर वेगळा असेल तर आकडे बदलून हीच बेरीज पुन्हा करा.

चार-पाच तासवाल्यांसाठी तिसरा मार्ग आहे. एकाच लेआऊटमधल्या पाच-सहा घरांनी किंवा एखाद्या बचत गटाने मिळून फोर-स्ट्रोक घ्यावी. सहा घरांचे तास तीसच्या घरात जातात. अट एकच: चालवणारा हात एकच असावा आणि पेट्रोलची जबाबदारीही त्याचीच. सहा जणांनी आळीपाळीने नेलेल्या मशीनमध्ये कधी ना कधी कुणीतरी तेल न मिसळता पेट्रोल भरतं किंवा फोर-स्ट्रोकमध्ये मिसळलेलं भरतं. तेलाविना चाललेल्या टू-स्ट्रोकचा पिस्टन काही मिनिटांत जाम होतो, आणि तो बदलण्याचा खर्च स्वस्त मशीनच्या निम्म्या किमतीपर्यंत जातो.

पडून राहण्याचे आठ महिने

पावसाळा संपला की बहुतेक मशीन टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट कोपऱ्यात जाते. पेट्रोल उडून जातं आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर राहतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या, पडदे कडक करतं. लहान इंजिनांच्या बऱ्याच पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा लिहिलेली आहे. म्हणून घेतानाच विचारा, हे मॉडेल ई-२० ला चालतं का, आणि उत्तर बिलावर लिहून मागा.

जूनमध्ये दहा-वीसदा दोरी ओढूनही मशीन सुरू होत नाही, तेव्हा दोष बहुधा इथेच असतो. कार्बोरेटर साफ करायला दोन-तीनशे, पडदे बदलायला चारशेपर्यंत, नवा बसवायला ६०० ते १५०० आणि नामांकित कंपनीचा असेल तर त्याहून जास्त. अर्जुनी मोरगाव किंवा देवरीहून मशीन गोंदियाला न्यायची, सुटा भाग नागपूरहून यायची वाट पाहायची, तोवर गवत कमरेला. हे सगळं टाळण्याचा उपाय फुकट आहे. हंगामातल्या शेवटच्या कापणीला टाकी रिकामी करा आणि मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू ठेवा. प्लग काढून दोन थेंब तेल टाका, दोरी हळूच एकदा ओढा, प्लग परत बसवा. एअर फिल्टर धुऊन वाळवा. हंगामातही महिन्याहून जुनं पेट्रोल वापरू नका. लागेल तेवढंच, लिटर-दोन लिटर, आणा. प्लॅस्टिकच्या बाटलीत पंपवाले पेट्रोल देत नाहीत आणि देऊही नये. घट्ट झाकणाचा धातूचा डबा घ्या.

म्हणूनच दुकान निवडताना किमतीपेक्षा अंतर बघा. ऑनलाइन हजार रुपये वाचले आणि कार्बोरेटर, क्लच किंवा सुरू करायची दोरी जिल्ह्यात मिळाली नाही, तर तो हजार एका बिघाडात जातो. दुकानदाराला म्हणावं, याच मॉडेलचा कार्बोरेटर काढून दाखवा. काउंटरवर ठेवला तर तिथे घ्या. ‘मागवून देऊ’ असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा. वॉरंटी घरगुती वापरापुरती आहे की भाड्याने चालवली तरी लागू, हेही त्याच वेळी वाचून घ्या.

सरकारी अनुदानाचं काय? कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांना ५० टक्के अशी रचना आहे, ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेत. अर्ज महाडीबीटीवर होतो. ब्रश कटर चालू वर्षाच्या यादीत आहे का आणि कोणती मॉडेलं मान्य आहेत, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधी विचारा. पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी घेतलेल्या मशीनचं बिल चालत नाही. घाईत खरेदी करून अनुदान गमावलेले शेतकरी गावोगावी भेटतात. २५ हजारांच्या मशीनवर १० हजार मिळाले, तर आपली २२ तासांची रेषा सोळा तासांवर येते.

धुरा, बाडी आणि चारा

आपल्या भागाच्या काही गोष्टी कंपनीच्या पुस्तिकेत सापडणार नाहीत. धुऱ्यावर तूर लावलेली असते. नायलॉन दोरी तुरीच्या खोडाला एकदा लागली की साल सोलली जाते आणि झाड वाळू शकतं. आंबा, पेरू, लिंबाच्या कलमांचंही तेच. बुंध्याभोवती वीतभर जागा हाताने काढा किंवा जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून खोडाला घाला.

कापलेलं गवत म्हशी-गाईंना घालायचं असेल तर दोरी वापरू नका. ती झिजते म्हणजे तिचे बारीक तुकडे गवतातच पडतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. चाऱ्यासाठी लोखंडी ब्लेड लावा. गवताचा चुराही होत नाही. तीन दातांचं ब्लेड दोन-तीनशे रुपयांना मिळतं. बेशरमाची झुडपं, जाड तरोटा, बोरीचे खुरटे फुटवे यांनाही ब्लेडच हवं. ब्लेड दगडाला किंवा बुंध्याला आपटलं की मशीन झटक्याने उजवीकडे फेकली जाते, म्हणून पाय रोवून, उजवीकडून डावीकडे कापत जा आणि उतारावर चढ्या दिशेने उभं राहू नका, आडवे चाला.

धानकापणीसाठी बारीक दातांचं गोल ब्लेड आणि पेंढी एका बाजूला पाडणारा पत्रा दाखवून ही मशीन विकली जाते. माझं मत स्पष्ट आहे, त्यासाठी घेऊ नका. ओल्या बांधीत आठ किलो खांद्यावर घेऊन दिवसभर वाकायचं, लोळलेलं धान नीट उचललं जात नाही, पिकलेली लोंबी झडते. दोन-चार कोपरे हार्वेस्टरने सोडलेले कापायला ठीक. आणि कापणीच्या दिवसांत तापलेला सायलेन्सर तणशीच्या ढिगाजवळ किंवा पुंजण्याजवळ टेकवू नका. पेट्रोल भरायचं तेही मशीन दहा मिनिटं थंड झाल्यावर आणि तणशीपासून लांब.

तलावाच्या पाळीवर किंवा पाणथळ बांधीजवळ कापायचं असेल तर आधी एक चक्कर मारून या. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः आपल्या जिल्ह्यात, आणि त्याचं घरटं पावसाळ्यातच, पाण्यातल्या गवताच्या ढिगावर, बहुधा दोन अंड्यांचं असतं. जोडी दिसली तर तो भाग अंडी फुटेपर्यंत सोडून द्या. धुऱ्याचं गवत दोन महिने उभं राहिल्याने काही बिघडत नाही.

घराभोवतीचं गवत मात्र सोडू नका. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि काही दगावलेही. हा आजार गवतात-झुडपात राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्याने होतो. साप-विंचवाची भीती आहेच. म्हणून कापायला जाताना पूर्ण बाह्या आणि गमबूट, परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. नंतर ताप आला आणि अंगावर काळसर खपली दिसली तर डॉक्टरांना गवतात काम केल्याचं आवर्जून सांगा.

अजून ठरत नसेल तर या हंगामात मशीन घेऊ नका. भाड्याचा माणूस बोलवा, आणि तो तुमच्या आवारात किती तास मशीन चालवतो ते कॅलेंडरवर लिहीत जा. दिवाळीनंतर बेरीज करा. २२ च्या खाली असेल तर पुढच्या वर्षीही त्यालाच बोलवा. वर असेल तर फोर-स्ट्रोक घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी कार्बोरेटर काउंटरवर बघा.